सात शेअरचा नामंजूर

मी भिणारा माणूस नाही, हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सगळी भीतीच आहे.

इस्लामपुरात एकतीस वर्षं माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. जळलेली मोटार उघडायची, आतली काळी पडलेली तार ओढून काढायची, नवी भरायची आणि मालकाला तोंडावर सांगायचं की ही मोटार जळली नाही, तू जाळलीस. असं मी एका माजी आमदाराला चार माणसांत सांगितलेलं आहे. जोतीराम खबाले कुणाच्या बापाला भीत नाही असं बाजारात बोललं जातं. बोलणाऱ्यांत मीच जास्त असतो, ती गोष्ट वेगळी.

तर अशा माणसाला एका मंगळवारी सकाळी पेपरातल्या दोन ओळींनी मटकन खाली बसवलं. 'चंडोल एअरचे भवितव्य अनिश्चित. मूळ कंपनी दिगंत एअरवेज लवकरच निर्णय घेणार.'

भवितव्य हा शब्दच मला आवडत नाही. चांगल्या चाललेल्या वस्तूला कुणी भवितव्य लावत नाही. कोपऱ्यावरच्या वडेवाल्याच्या भवितव्याबद्दल कधी छापून आलंय का? त्याचे वडे चाललेत, संपला विषय. डॉक्टर, मास्तर आणि पेपरवाला, हे तिघं 'भवितव्य' म्हणाले की समजायचं, आत तार जळालेली आहे.

आमची शिवांजली चंडोल एअरमध्ये सहवैमानिक आहे. विमानाच्या तोंडाशी दोन खुर्च्या असतात, त्यातली उजव्या हाताची तिची. चंडोलची विमानं धाकटी, सत्तर माणसांची, दोन्ही पंखांवर एकेक फिरता पंखा. कोल्हापूरसारख्या गावांना तीच येतात. चंडोलची मालकीण दिगंत. तिची विमानं थोरली, बिनपंख्याची, परदेशी जाणारी. पोरगी शिकली पंख्याच्या विमानावर. दिगंतनं चंडोल पोटात घेतली आणि पंख्याची विमानं काढून टाकली, तर पोरीनं काय करायचं? थोरल्या विमानाचं शिक्षण पहिल्यापासून घ्यायचं आणि तिथल्या रांगेत सगळ्यांत शेवटी उभं राहायचं. रांग सरकली नाही तर घरी. एवढं तिनं मला फोनवर समजावलं आणि शेवटी म्हणाली, "आप्पा, तुमी काही करू नका. कुणाला पत्र लिहू नका, फोन करू नका. माझं नाव कुठं येऊ देऊ नका. हात जोडते."

'काही करू नका' हे ऐकून आजवर एकही बाप गप्प बसलेला नाही.

पण करायचं काय? मोटारीचं असतं तर मी उघडून बघितलं असतं. विमान कंपनी कुठून उघडतात हे मला माहीत नव्हतं. ते शेजारच्या भाऊसोंना माहीत होतं. भाऊसो साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात तीस वर्षं काढून निवृत्त झालेले. जगात जे काही घडतं ते त्यांच्या कारखान्यात आधी घडून गेलेलं असतं.

"ह्ये इमानाचं न्हवंच रं जोतीराम," पेपर माझ्या हातात परत देत भाऊसो म्हणाले. "ह्ये कारखान्याचंच हाय. थोरला कारखाना धाकट्याला गिळतो तवा पयलं काय बदालतं, सांग."

"चेअरमन?"

"बोर्ड! पयला बोर्ड बदालतो. धाकट्याचं नाव बारीक हुतं आन् त्येच्याखाली येतं, युनिट नंबर दोन. मग कामगार लांबच्या ऊस गटाला. मग मशिनरी भंगारात. आन् मग तिथं बाभळी. इमानावरचा बोर्ड बदाललाय का बघ."

मी मोबाइल काढला. शिवांजलीनं महिन्यापूर्वी विमानासमोर उभं राहून काढलेला फोटो होता. तेव्हा मी फक्त पोरगी वाळलीय का एवढंच बघितलं होतं. आता बोटांनी मोठा करून पाठीमागचं विमान बघितलं. 'चंडोल' या अक्षरांखाली मुंगीएवढ्या अक्षरांत नवीन ओळ आली होती. 'दिगंत समूहाची सेवा.'

"युनिट नंबर दोन," भाऊसो हळू आवाजात म्हणाले आणि त्यांनी टोपी काढली.

त्याच बैठकीत भाऊसोंनी उपायही सांगितला. "दिगंतचा शेअर घे. सभासद हो. वार्षिक सभा असतीच. ठराव वाचला की उठायचं आन् म्हनायचं, नामंजूर! सभासदाला कोन अडवतंय? एक जन उठला की धा उठत्यात."

पटलं. इकडं ज्याच्याकडं उसाच्या दोन सऱ्या आहेत त्यालाही हे पटेल. शेअर म्हणजे सभासद, सभासद म्हणजे सभा, सभा म्हणजे आवाज. दिगंतचे शेअर किती कोटी आहेत आणि त्यातले निम्म्याहून जास्त कुणाच्या खिशात आहेत, हा प्रश्न आमच्या डोक्यात आला नाही.

घरात शालनला, म्हणजे बायकोला, बेत सांगितला. ती भाकरी थापत होती. थापायची थांबली नाही.

"पोरीचं इमान वाचवाय निघालायसा व्हय? चार वर्सं झाली पोरगी म्हनतीया, आप्पा एकदा माझ्या इमानात बसा. कवा तुमची पाठ धरती, कवा दुकानात गर्दी, कवा अमावस्या. बसायचं न्हाई आन् वाचवायचं मातर हाय!"

याला उत्तर आहे. पंखा हा माझा विषय आहे. आजवर माझ्या हाताखालून काही हजार पंखे गेले, ते सगळे बंद पडलेले. चालू पंखा घेऊन माझ्याकडं कुणी येत नाही. त्यामुळं जगातला प्रत्येक पंखा बंद पडण्याच्या वाटेवर आहे असं माझं मत आहे, आणि ते अनुभवातून आलेलं आहे. घरात छताचा पंखा बंद पडला तर माणूस घामेजतो. तिथं काय होईल ते मी शालनला सांगितलं नाही. पोरगी रोज त्या दोन पंख्यांच्या मध्ये बसते, आणि मी रोज रात्रीचं जेवण तिचा 'उतरले' असा मेसेज आल्यावर जेवतो, हेही मी कुणाला सांगितलेलं नाही.

शेअर घ्यायला सांगलीला गेलो. शेअरच्या ऑफिसातला अवधूत टाय लावलेला, तिशीतला, अतिशय सभ्य माणूस. एवढा सभ्य माणूस बघून मला धास्ती वाटते. त्यानं फॉर्म भरताना विचारलं, "काका, जोखीम घ्यायची तुमची तयारी किती? कमी, मध्यम का जास्त?"

"मी कुणाला भीत नाही."

त्यानं 'जास्त'वर खूण केली.

"कशासाठी गुंतवणूक करताय? निवृत्ती, घर, मुलांचं शिक्षण?"

"नामंजूर म्हणायला."

त्यानं बराच वेळ यादी वरखाली बघितली आणि 'इतर' निवडलं. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. माझी सही जुळत नव्हती. बँक खातं माझं सातारचं. तरुणपणी तिथं औद्योगिक वसाहतीत कामाला होतो तेव्हा उघडलेलं. बँकेकडं असलेली सही आणि मी फॉर्मवर केलेली सही या दोन वेगळ्या माणसांच्या आहेत, असं बँकेचं म्हणणं. सभेत मत द्यायचं तर ठराविक तारखेच्या आत शेअर नावावर पाहिजे होते, आणि त्या तारखेला नऊ दिवस उरले होते.

एसटीनं सातारला गेलो. बँकेतल्या मॅडमनी माझं जुनं कार्ड स्क्रीनवर दाखवलं. एकवीस वर्षांच्या जोतीरामची सही! 'ज'चा फाटा असा वर गेलेला, 'म'ची शेपटी सगळ्या नावाखालून मागं फिरून 'जो'ला येऊन चिकटलेली, त्यावर दोन टिंबं. मला कळेना, या पोराला एवढी कशाची मस्ती होती?

"अशी करा," मॅडम म्हणाल्या.

मी केली. त्यांनी मान हलवली. परत केली. तार भरून भरून बोटं जाड झालीत, शेपटी निम्म्यातच बसायची. अकराव्या कागदाला मागं रांगेत उभा असलेला एक मिलिटरीवाला म्हणाला, "चाचा, दुसऱ्याची सही मारताना हात ढिला सोडायचा असतो."

"माझीच आहे ती!" मी ओरडलो. बँकेचा पहारेकरी खुर्चीतून उठला.

"मॅडम, सही जुळत नाही तर मी कोण आहे, ते तरी सांगा."

"ते तुम्ही सिद्ध करायचंय, काका."

एक प्रतिज्ञापत्र, दोन फोटो आणि 'यांना मी ओळखतो' असं लिहून देणारा एक जुना खातेदार, एवढं लागलं. खातेदार म्हणून मी तीस वर्षांत न भेटलेल्या जुन्या सोबत्याला गोडोलीतून शोधून आणला. त्यानं मला ओळखलंच नाही. शेवटी मी त्याला त्याच्या पहिल्या पगाराच्या दिवशी तो कुठं पडला होता ते सगळ्यांदेखत सांगितलं, तेव्हा त्यानं घाईघाईनं सही केली.

तारखेच्या आदल्या दिवशी शेअर नावावर पडले. अवधूत म्हणाला होता एक घेतला तरी सभासद होता येतं. भाऊसो म्हणाले, "एकट्या शेअरला कोन इचारतंय? सात घे. सात म्हंजे मागं घरदार हाय असं दिसतं." म्हणून सात.

पुढं कळलं की मत सभेच्या आधीच मोबाइलवर द्यायचं असतं. अवधूतच्या टेबलावर बसून दिलं. ठराव क्रमांक पाच : चंडोल एअरचे दिगंत एअरवेजमध्ये विलीनीकरण. समोर दोन गोल. 'विरोधात'च्या गोलावर बोट नेलं आणि मागं घेतलं. दिगंतचा कुणी माणूस ही यादी वाचेल, खबाले हे आडनाव बघेल, चंडोलच्या यादीत दुसरी खबाले शोधेल, आणि आहे ती खुर्चीही जाईल. खबाले काही पोत्यानं मिळत नाहीत. मी अवधूतला विचारलं, "आडनाव न लावता मत देता येतं का?" तो फक्त हसला. मग मी डोळे मिटून बोट दाबलं. मोटारीला पहिल्यांदा करंट देतानाही मी डोळे मिटतो.

सभेत बोलण्यासाठी नाव नोंदवलं. उत्तर आलं, वक्ता क्रमांक तेवीस, वेळ तीन मिनिटं, सभा कॉम्प्युटरवर होईल. भाऊसोंना हे ऐकून धक्काच बसला.

"म्हंजे मांडव न्हाई?"

"नाही."

"जेवान?"

"नाही."

"आरं मग सभा कशाची रं ती!" ते बराच वेळ उदास होते. मग एकदम म्हणाले, "तू घाबरू नगंस. सभा आपन हितं करू. एकट्यानं नामंजूर म्हनशील तर त्येंच्या कानात बी जायाचं न्हाई. मागनं आवाज पायजे."

मी नको म्हणालो. स्पष्ट म्हणालो. शिवांजलीला कळता कामा नये, तिचं नाव येता कामा नये, हे मी भाऊसोंना तीनदा सांगितलं. "नाव घेतंय कोन!" भाऊसो म्हणाले. "नाव तोंडातनं काडनाऱ्याची जीब हासडीन."

सभेच्या दिवशी सकाळी दहाला दुकानापुढं ताडपत्री टाकलेली, चाळीस खुर्च्या मांडलेल्या. रिटायर सुभेदार कोंडीबांनी घरातला मोठा टीव्ही आणून अवधूतच्या लॅपटॉपला जोडायला लावला होता. अवधूत सांगलीहून रजा काढून आला होता. त्याच्या ऑफिसातून सभेत बोलणारा हा पहिलाच माणूस, असं तो म्हणाला. शालननं चाळीस माणसांचा चहा टाकला आणि मला एकदाच बोलली, "पोरीला काय झालं तर ह्या दुकानाचं शटर मी लावीन. भायेरनं."

माझं भाषण कागदावर होतं. पोरीचं नाव नाही, नातं नाही, निव्वळ मुद्दे. धाकटं गाव, धाकटं विमान, म्हातारी माणसं, दवाखाना, सुट्टीवर येणारे जवान. तीन मिनिटांत बसवायला मी ते सतरा वेळा वाचलं होतं. शेवटचा शब्द 'नामंजूर'. तो शब्द मी म्हणायचा आणि मागून चाळीस गळ्यांनी उचलायचा, असं ठरलं होतं. भाऊसोंनी दोनदा तालीमही घेतली होती.

सभा सुरू झाली. अध्यक्ष चांदीच्या केसांचे, पाठीमागं निळी भिंत, आवाज मऊ. पहिल्या वक्त्यापासून पंधराव्या क्रमांकापर्यंत सगळ्यांनी अध्यक्षांचे आभारच मानले. कुणी नफा विचारला, कुणी दिवाळीला मिठाईचा डबा का आला नाही ते विचारलं. माझ्या मागं लोक खुर्च्यांवर कलायला लागले. माझ्या हातातला कागद घामानं मऊ पडला. अठरा. एकोणीस. विसाव्या वक्त्याचा आवाजच येईना, तो नुसताच तोंड हलवत राहिला, आणि त्याच्याकडं बघून मी आमचा माइक चालतोय का ते अवधूतला दोनदा विचारलं.

"स्पीकर नंबर तेवीस, श्री जोतीराम खबाले, इस्लामपूर, महाराष्ट्र."

अवधूतनं कॅमेरा सुरू केला. टीव्हीवर माझं कपाळ आलं. मग त्यानं लॅपटॉप जरा मागं केला आणि माझ्या पाठीमागचं सगळं दिसायला लागलं.

सकाळपासून माझी त्या बाजूला पाठ होती. दुकानाच्या वरच्या पट्टीवरून जमिनीपर्यंत डिजिटल फ्लेक्स सोडलेला. मधोमध वैमानिकाच्या वेशात, काळा चष्मा लावलेली, सहा फुटांची शिवांजली. वर अक्षरं : 'चंडोलची वाघीण, इस्लामपूरचा अभिमान, सहवैमानिक शिवांजली जोतीराम खबाले.' खाली डाव्या कोपऱ्यात मी, हात जोडून. उजव्या कोपऱ्यात शुभेच्छुक भाऊसो, कानाला मोबाइल लावून.

भाऊसोंनी शब्द पाळला होता. नाव कुणी तोंडातून काढलं नव्हतं.

पडद्यावर अध्यक्ष चष्मा वर करून काहीतरी वाचत होते. ते काय वाचतायत हे मला कळलं. कागदावरची अक्षरं पळाली. सतरा वेळा वाचलेल्या भाषणातलं पहिलं वाक्यही आठवेना. तोंडातून एवढंच निघालं, "माननीय अध्यक्ष महोदय... ठराव क्रमांक पाच..."

आणि थांबलो.

अध्यक्ष सभ्य गृहस्थ. म्हातारा माणूस अडखळलाय, आपण मदत करावी, असं त्यांना वाटलं असणार. मऊ आवाजात ते हिंदीत म्हणाले, "हाँ जी, प्रस्ताव क्रमांक पाँच. चंडोल एअर का दिगंत एअरवेज में विलय."

आणि त्यांनी श्वास घेतला.

तेवढ्यानं घात झाला. ठराव वाचायचा आणि एक श्वास थांबायचं, ही ती जागा. कारखान्याच्या सभांत वर्षानुवर्षं भाऊसोंचं शरीर त्या जागेची वाट बघत खुर्चीवर बसलेलं होतं. माझ्या मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग भाऊसोंचा आवाज, सगळ्या बाजारपेठेत जाणारा.

"मंजूर!"

चाळीस माणसं झोपेतून उठली. त्यांच्यातले तीस तरी जन्माचे सभासद. "मंजूर! मंजूर!" टाळ्या. कोंडीबांनी सवयीनं "भारत माता की" म्हटलं, लोकांनी "जय" म्हटलं. मी मागं वळून दोन्ही हात हलवून नाही नाही म्हणत होतो, ते पडद्यावर आनंदानं नाचल्यासारखं दिसलं, असं पुढं अवधूत म्हणाला. अध्यक्षांनी भारावून हात जोडले. "धन्यवाद, इस्लामपूर! ऐसा उत्साह हमने कहीं नहीं देखा." माझा माइक बंद झाला. वक्ता क्रमांक चोवीसनं मिठाईच्या डब्याचा विषय काढला.

चहाचे कप तेवढे वाजले. भाऊसो अजून उभेच होते, हात वर गेलेला, तो खाली कसा आणायचा ते त्यांना सुचत नव्हतं.

मी त्यांना काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. माजी आमदाराला बोललो होतो त्याच्या दुप्पट बोललो. ते सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग खाली बसले.

"आपसूक गेलं रं, गड्या. ठराव वाचला की माझं पाय उठत्यात." जरा वेळानं म्हणाले, "एकदा न्हाई म्हनलो हुतो. पंचवीस वर्सांमागं. दुसऱ्या दिशी शिराळ्याच्या पल्याडच्या गटाला बदली. धाकटं लेकरू तापानं फनफनतंय आन् मी तिकडं ऊस मोजतोय. तवापासनं पयला आवाज माझा असायचा. चेअरमननं बघावं म्हनून."

मी त्यांच्यापुढं चहाचा कप सरकवला. जळलेली मोटार उघडली की कळतं कधीकधी, यात मालकाची चूक नव्हती. तोंडावर सांगायला मात्र ते अवघड जातं.

मग शिवांजलीचा फोन बंद. दोन दिवस. 'उतरले' असाही मेसेज नाही. मी जेवलो नाही. दुकानात बसलो की वरच्या पट्टीत फ्लेक्सच्या खिळ्यांची भोकं दिसायची. फ्लेक्स मी त्याच दुपारी उतरवून गुंडाळी करून माळ्यावर टाकला होता. शालन माझ्याशी बोलत नव्हती, पण ताट वाढून समोर ठेवत होती आणि तसंच उचलून नेत होती. खबाले आडनावाचा शोध लागला असेल, पोरीला बोलावून समोर उभं केलं असेल, कागद पुढं सरकवला असेल, असं सगळं मला उघड्या डोळ्यांनी दिसायचं. कंप्रेसरचा आवाज आला तरी मी दचकायचो.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला.

"आप्पा."

"कुठायस? खाल्लंस का? काढलं का तुला?"

"ट्रेनिंगमध्ये होते, फोन बाहेर ठेवायला लागतो. निघताना मेसेज केला होता, तो आत्ता गेलेला दिसतोय." जरा थांबून ती म्हणाली, "तुमचा व्हिडिओ मी सत्तावीस जणांकडून बघितला. वाघीण म्हणे! काळा चष्मा कुणी लावला मला?"

"भाऊसोंनी."

"माझ्याबरोबरचे मला काय म्हणतात माहितीय? तुझ्या बापानं कंपनीच्या बाजूनं गाव उठवलं. दोघं तर बोलत नाहीत माझ्याशी."

"मी विरोधात मत दिलंय, पोरी! आधीच! सातही!"

"आप्पा..." तिचा आवाज जरा निराळा आला. "निकाल बघितला मी. विरोधातल्या मतांचा आकडा शेवटी सातवर संपतोय. ते शेवटचे सात तुमचेच असं मी सगळ्यांना सांगितलं. कुणी मानत नाही. मी मानलंय."

ठराव मंजूर झाला होता. व्हायचाच होता. माझ्या सातांना कुणी विचारलं नाही की माझ्या आडनावाला कुणी शोधलं नाही. पोरीला काढलं नाही. थोरल्या विमानाच्या शिक्षणाला तिचं नाव लागलं होतं, रांगेत एकशेचाळिसावं. पुढं खुर्ची मिळेल का, कधी मिळेल, कुणी सांगत नव्हतं. चंडोलची पंख्याची विमानं महिनाअखेर कायमची उभी राहणार होती.

"आप्पा, गुरुवारी कोल्हापूरहून माझी शेवटची फेरी आहे. या विमानाची बी आणि माझी बी. आता तरी बसा."

पाठ आठवली. दुकानातली गर्दी आठवली. अमावस्या कधी आहे ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघायला लागलो, तेवढ्यात शालननं माझ्या हातातून फोन घेतला. "बसत्यात त्ये," ती म्हणाली. "मी बसवते."

गुरुवारी आम्ही तिघं गेलो. भाऊसोंना मीच या म्हणालो. विमानतळावर उन्हात ते विमान उभं होतं, दोन एसट्यांएवढं लांब. नाव आधीच पुसलेलं. 'चंडोल'च्या जागी पांढरा पट्टा, त्याखालची मुंगीएवढी ओळ मात्र शाबूत. भाऊसोंनी टोपी काढली. मी फक्त पंखे बघितले. उजव्या पंख्याच्या एका पात्याला ओरखडा होता. तो कशाचा, हे विचारायला मी थांबलो तर शालननं पाठीत कोपर मारलं.

माझी जागा खिडकीची, नेमकी पंख्याशेजारची. पट्टा आवळला. तो एवढा आवळला की हवाई सुंदरीनं येऊन जरा सैल केला. पंखा फिरायला लागला. पाती दिसेनाशी झाली. माझ्या कानांना बेअरिंगचा आवाज कळतो. हा आवाज चांगला होता, हे मी कबूल करतो, पण चांगला आवाज बिघडायला किती वेळ लागतो हेही मला माहीत आहे.

मग वरच्या स्पीकरमधून तिचा आवाज आला. आधी इंग्रजी, मग हिंदी, आणि मग आमच्या घरातला.

"नमस्कार. मी सहवैमानिक शिवांजली खबाले. या विमानाची ही शेवटची फेरी आहे. आज आपल्यात दिगंतचे सात शेअरचे एक भागधारक बसलेले आहेत. ते कुणाला भीत नाहीत. तरी कुणीतरी त्यांचा हात धरावा. उड्डाणासाठी तयार राहा."

आणि तिनं श्वास घेतला.

तीच जागा. भाऊसो पट्ट्यासकट अर्धे उठले. ओठ उघडले, पण त्यांनी दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड गच्च दाबून धरलं, डोळ्यांत पाणी आलं तरी सोडलं नाही.

विमान पळायला लागलं. खिडकीतलं गवत पळालं, कुंपण पळालं, पुढचं चाक उचललं, आणि सभेत चाळीस माणसांपुढं जो शब्द माझ्या घशातून बाहेर आला नव्हता तो त्या क्षणी, सत्तर माणसांच्या विमानात, सगळ्या ताकदीनिशी बाहेर पडला.

"नामंजूर!"

शालननं माझा हात धरला. पलीकडून भाऊसोंनी तोंडावरचे हात काढले आणि आयुष्यात दुसऱ्यांदा, बारीक आवाजात का होईना, मागून म्हटलं, "नामंजूर."

पोरीनं ऐकलं का नाही, माहीत नाही. ऐकलं असलं तरी तिनं मानलं नाही. विमान वर गेलं होतं.